तीन वर्षं घरात कार्य नाही

॥ श्री ॥
आष्टी, ता. परतूर
२२ जून २०२५

चि. दीपमाला हिस,

तू धाडलेलं सामान काल पोचलं ते असं: बारावीच्या जीवशास्त्राचं आणि रसायनशास्त्राचं गाइड, जुनी, पण पानं शाबूत, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचं पुस्तक एक, निळे पेन पाच, आणि माझ्या गुडघ्याला मलम. पाकिटावर टपालाचे एकशे बारा रुपये लागलेले दिसले. मलमावर किंमत एकशे पासष्ट छापली आहे. मलम पुन्हा धाडू नको, मी करडीचं तेल चोळते. पुस्तकं मात्र कामाची आहेत.

सामान बेबीनंदाबाईंनी गिरणीवर दिलं, ज्वारीच्या डब्यात तळाला घालून. गिरणीवाला म्हणाला, "काकू, आज डबा लई जड दिसून राह्यला." तर बेबीनंदाबाई म्हणाल्या, "नवी जवारी हाय, बाबा. जुन्या माणसाला नवी जवारी जडच लागती." त्यांचं डोकं चालतं. त्या तुझ्या सासूबाई आहेत हे लिहायला मला अजून जड जातं, पण गेल्या आठ महिन्यांत तुझी खुशाली मला त्यांच्याकडूनच कळली. पत्र त्यांच्याच पत्त्यावर टाकत जा. फोन नको. त्यांच्या फोनवर बोलायला मी गिरणीत उभी राहिले तर संध्याकाळपर्यंत तुझ्या आबांच्या कानावर जाईल. आणि मला जे सांगायचं ते दुसऱ्याच्या तोंडून धाडण्यासारखं नाही.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कळलं असेल. पण माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याजवळ असावं. भाऊबीज झाली आणि तू गेलीस, ज्यांच्यासोबत गेलीस त्यांचं नाव मी लिहीत नाही, राग मानू नको. आबांनी काही दिवस वाट बघितली. मग कार्तिक वद्य पंचमीला नदीवर गवताचा पुतळा करून तुझ्या नावानं जाळला. डोकं भादरलं. तेराव्याला गाव जेवलं, बुंदी होती. तुझा दहावीच्या सत्काराचा फोटो परतूरहून मोठा करून आणला आणि त्याला हार घातला. मी पंगतीत वाढत होते. तिथंच जोशीकाका म्हणाले, "रामराव, मयत झालेल्या घरात वर्षाच्या आत शुभकार्य करून टाकावं. वर्ष उलटलं की मंग तीन वर्षं कार्य करता येत न्हाई."

आबांनी तेवढं वाक्य धरून ठेवलं आहे. तुझ्या धाकट्या बहिणीसाठी, अक्षतासाठी, परतूरचं स्थळ आलं आहे. अण्णासाहेब म्हणून आहेत, खत-बियाण्याचं दुकान, मुलगा राधेश्याम, सत्तावीसचा. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्तावर, तुझी तिथी यायच्या आत उरकायचं असं घरात ठरत आहे. अक्षताला अठरावं पुढच्या जूनमध्ये पुरं होतं. नोव्हेंबर म्हणजे बारावीचं वर्ष मधोमध तुटतं. कल्याण तर म्हणतो, "एकीला शिकवलं, ते पुरं झालं." तुझा भाऊ असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. अक्षता त्याला म्हणाली, "दादा, मंग माझी पुस्तकं तू वाच, तुझी बारावी राह्यलीच हाय." त्यानं तिचा फोन काढून घेतला.

ती तुझ्या फोटोखालीच अभ्यासाला बसते, कारण दिवा तिथं आहे.

एक काम कर. बारावीनंतर मुलींना काय काय करता येतं आणि प्रत्येकाला किती वर्षं लागतात, ते नीट विचारून लिही. किती वर्षं, ते आधी.

आज एकादशी आहे. तुझ्यासाठी एक माळ जास्त जपली. जिवंत माणसासाठी जपतात तशी.

तुझी आई


॥ श्री ॥
आष्टी
१७ ऑगस्ट २०२५

चि. दीपमाला हिस,

तुझं पत्र मिळालं. पहिलं ते तुझ्या बातमीबद्दल. तिसरा महिना आहे तर जिना चढउतार कमी कर, कंपनीत उभ्यानं काम असेल तर बसायला मागून घे. पपई खाऊ नको. गुळाचा खडा तोंडात ठेव, उलट्या थांबतात. तुला जोंधळ्याच्या कण्या आणि ताक खावंसं वाटत असेल, मला तुझ्या वेळी तेच वाटत होतं. बाळंतपणाला माहेरी येते असं तू लिहिलंस. त्यावर मी आज काही लिहीत नाही.

आता अक्षताचं. तू लिहितेस की सरकारी नंबरावर फोन करून कळवते, अठराच्या आतलं लग्न पोलीस थांबवतात. थांबवतात, मला माहीत आहे. मागच्या वर्षी वरच्या गल्लीत एका मुलीचं थांबवलं. मांडव उठला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेजही उठलं. ती आता कापूस वेचायला जाते आणि अठरा पुरे व्हायची घरचे वाट बघून राह्यले आहेत. आपल्याला लग्न थांबवायचं नाही नुसतं, पोरगी पुढं जायला पाहिजे. म्हणून फोन करू नको. माझी शपथ आहे.

तू लिहिलेलं सगळं मी अक्षतासमोर ठेवलं. डॉक्टरकीची परीक्षा, मग साडेपाच वर्षं. नर्सिंगची पदवी, चार वर्षं. औषधाच्या दुकानाची पदविका, दोन वर्षं, फी फार. सरकारी दवाखान्याची नर्सिंगची पदविका, तीन वर्षं, राहायला वसतिगृह. अक्षता म्हणाली, "मला डॉक्टरकीची परीक्षा द्यायची हाय." मी म्हणाले, "तीन वर्षांत बसंल ते बोल." ती म्हणाली, "तीनच का?" मी सांगितलं नाही. तुला सांगते.

पंधरा दिवसांमागे अण्णासाहेब आणि त्यांच्या घरचे मुलगी बघायला आले होते. चहा झाला. मी आतून चिवडा आणताना म्हणाले की आता अंगणवाडीच्या जागेलाही बारावी पास लागते, आमच्या शेजारच्या बाईची सून तेवढ्यावरून राहिली. अण्णासाहेबांच्या कारभारणीनं लगेच मान वर केली. अण्णासाहेब म्हणाले, "आमच्या गल्लीतली अंगणवाडीची बाई दोन वर्षांत रिटायर होऊन राह्यली."

"मंग बारावी झालेली बरी," कारभारीण म्हणाल्या.

"पोरीची परीक्षा होऊ द्या, रामराव. जल्दी काय हाय? अक्षय तृतीयेला करू. मुहूर्त पण बघाया नको," अण्णासाहेब म्हणाले.

आबा माझ्याकडं बघत होते. त्यांना वर्षाच्या आतलं बोलायचं होतं. पण ते बोलायचं तर मयत कुणाची, कशी, हे सगळं व्याह्यांपुढं काढावं लागलं असतं. त्यांनी पानसुपारीचं ताट पुढं केलं. सुपारी फुटली ती अक्षय तृतीयेची, म्हणजे पुढच्या एप्रिलची.

आता कार्तिक वद्य पंचमी यायला पावणेतीन महिने आहेत. तोवर आबांनी तोंड उघडू नये आणि व्याह्यांच्या ध्यानात येऊ नये एवढंच मी देवाजवळ मागते. एकदा ती तिथी ओलांडली की तीन वर्षं या घरात कार्य नाही. तेवढीच मला पोरीसाठी मिळतात. म्हणून तीन वर्षांचं शिक्षण, दीपमाला. त्यापेक्षा मोठं माझ्याजवळ नाही.

देवाधर्माच्या गोष्टीचा मी असा उपयोग करते आहे. रोज सकाळी दिवा लावताना हात थांबतो. पण नियम मी केलेला नाही, त्यांनीच आणला घरात.

अक्षताला चाचणीत जीवशास्त्रात सगळ्यांत जास्त मार्क पडले. मी भाजीतून वाचवून तिला वही घेऊन दिली, लांब, दोनशे पानी.

तुझी आई


॥ श्री ॥
आष्टी
१३ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमाला हिस,

आधी हे कळव की तू बरी आहेस का. पोट दुखत नाही ना, बाळ हलतं ना. का विचारते ते खाली लिहिते.

पंचमीला तुझं वर्षश्राद्ध घातलं. मीच लावून धरलं. आबा म्हणाले, "कशाला आता?" मी म्हणाले, "तेरावं घातलं, मग वर्षश्राद्ध नको? अर्धवट विधीनं घराला बाधतं." कुणाचं वर्षश्राद्ध मी बोलते आहे ते त्यांना माहीत, मला माहीत. तरी ते तयार झाले. गावाला दाखवलेली गोष्ट गावापुढं मागं घेता येत नाही त्यांना. नवे व्याही म्हणून अण्णासाहेबांनाही बोलावणं गेलं.

स्वयंपाक मी सोवळ्यात केला. वडे, खीर, गवारीची भाजी. तुला गवार आवडत नाही, पण श्राद्धाला लागते. बाहेर दगडावर घास ठेवला. दीपमाला, घास ठेवल्याबरोबर कावळा आला आणि घेऊन गेला. सगळे म्हणाले, बरं झालं, पोरीची काही इच्छा राहिली नाही.  कावळ्यानं यायला नको होतं. म्हणून विचारते, तू बरी आहेस ना.

जेवणं झाली तेव्हा मी पदर सारखा करून दारात उभी राहिले आणि जोशीकाकांना विचारलं, "काका, वर्ष उलटलं आज. आता पुढं कसं?"

"कशाचं पुढं?"

"तुम्हीच म्हणालता पंगतीत. वर्षाच्या आत न्हाई झालं तर तीन वर्षं कार्य न्हाई. अक्षय तृतीयेला तर अक्षताचं धरलंय."

जोशीकाकांनी आबांकडं बघितलं, मग पानाकडं. "नियम हाय खरा तसा," म्हणाले.

अण्णासाहेब हसले. "अहो पण ही काय तशी मयत हाय का? साऱ्या तालुक्याला माहीत हाय, पोरगी तिकडं पुण्याकडं राहून राह्यली."

 कल्याण उठून बाहेर गेला. आबांच्या हातात पाण्याचा तांब्या होता तो त्यांनी खाली ठेवला. एवढंच म्हणायचं बाकी होतं त्यांनी, की हो, जिती आहे. मी दारात उभी राहून देवाचं नाव घेत होते, आणि खरं सांगू का, मला कळत नव्हतं की मी काय मागते आहे. त्यांनी जिती म्हणावं की मेलेली.

ते म्हणाले, "माझ्या घरात मयत झालीय."

"बराबर," अण्णासाहेब म्हणाले. "मंग तीन वर्षं आमच्या पोरानं काय, तेराव्याची बुंदी खात बसावं?" चप्पल घालता घालता मात्र म्हणाले, "बघा, काही तोड निघाली तर कळवा. पोरगी आमच्या मनात भरलीय."

दोन दिवस आबा जेवले नाहीत नीट. काल ज्वारी पेरून आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "तीन वर्षं घरात बसून तरी काय करणार ती. शिकू दे काय शिकायचं ते." मी भाकरी वाढत होते, हात थांबवला नाही. थांबवला असता तर त्यांना कळलं असतं.

अक्षताला मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "म्हणजे ताईला अजून एकदा मारलं, अजून तीन वर्षं मिळाली, तर मी डॉक्टर होईन." मी तिला चापट मारली. मग तिला जवळ घेऊन बसले.

बोर्डाचा फॉर्म भरला आहे. आता नर्सिंगच्या प्रवेशाला काय काय दाखले लागतील ते लिहून धाड, एक एक करून काढून ठेवते. आणि तुझी तब्येत आधी.

तुझी आई


॥ श्री ॥
आष्टी
२६ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. दीपमाला हिस, आणि प्रितमराव जावईबापूंस,

या पत्रासोबत बेबीनंदाबाईंच्या हाती धाडत आहे: झबली चार, टोपडी दोन, गोधडी एक, डिंकाचे लाडू डबाभर. गोधडीत माझं हिरवं लुगडं आहे, तू लहानपणी ज्याचा पदर चोखायचीस ते. शिवण घरचं, खर्च काही नाही. डिंक महाग झालाय, पण ते तू बघू नको.

मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे मला गिरणीवर कळलं. बेबीनंदाबाईंनी कागदात जिलबी दिली. मी घरी नेली नाही, लपवलीही नाही, तिथंच उभ्यानं खाल्ली. गिरणीवाला बघत होता. बघू दे म्हटलं. बाळाचं नाक तुझ्यासारखं आहे म्हणाल्या. मी अजून फोटो बघितला नाही. त्यांनी दाखवला होता, मी मान फिरवली. का ते सांगते.

बातमी आबांपर्यंत गेली. त्यांनी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते विहाराच्या गल्लीत गेले. बेबीनंदाबाई सांगत होत्या, "तुमचे मालक उंबऱ्यापाशी येऊन उभे राह्यले. मी म्हणलं, बसा. बसले न्हाई, पण गेले पण न्हाईत. मंग आमच्या यांनी फोनमधला फोटो दाखवला. लई वेळ बघून राह्यलते. यांना म्हणले, संपतराव, चाकणचा पत्ता द्या. यांनी लिहून दिला." आबा जन्मात कधी त्या गल्लीत कुणाच्या दारापर्यंत गेले नव्हते, आणि संपतरावांना राव म्हणालेले तर मी ऐकलंच नाही.

घरी येऊन त्यांनी तुझ्या फोटोचा हार काढला. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "जित्या लेकराचं केलं मी. दोनदा केलं." आणि रडले. दीपमाला, ते खरे रडले. खोटे रडले असते तर मला सोपं होतं. मी त्यांना पाणी दिलं आणि मीही रडले. तेवढा वेळ मला वाटलं, की आता सगळं सरळ झालं. तू येशील, न्हाणीत तुला शेक देईन, बाळाला पायावर घेऊन तेल लावीन.

संध्याकाळी त्यांनी परतूरला फोन लावला. ओट्यावरून मोठ्यानं बोलत होते, आनंदानं. "न्हाई अण्णासाहेब, आता अडचण न्हाई. पोरगी जिती हाय आमची. नात झाली. मंग कसली मयत? अक्षय तृतीया कायम समजा."

आतल्या खोलीत अक्षता पाठांतर करत होती. तिचा आवाज बंद झाला.

मी आबांना म्हणाले, "पोरीला शिकू द्या म्हणालता." ते म्हणाले, "तीन वर्षं बसायचं होतं म्हणून म्हणलं. आता काय गरज? चांगलं स्थळ थांबून राह्यलंय." त्यांच्या मनात पापही नाही. त्यांना वाटतं, दोन्ही पोरींचं एकदम चांगलं होऊन राह्यलं आहे. कल्याणनं मांडववाल्याला विचारून पण ठेवलं. अक्षय तृतीयेला अक्षताला अठरा पुरे नसतील, ते कुणी बोलत नाही.

अक्षताचे पेपर चालू आहेत. ती जाते, लिहिते, येते. जीवशास्त्राचा अजून राहिला आहे. मला म्हणाली, "आई, ताई येऊन राह्यली ना? येऊ दे. तू माझ्यासाठी तिला अडवू नको." म्हणजे तिनं ओळखलं होतं मी काय करीन ते.

पाडव्याला तुला घरात आणायची म्हणून आबा आणि कल्याण पंधरा मार्चला चाकणला येत आहेत. बाळाला चांदीचे वाळे घेतलेत. तुझ्या दारात उभे राहतील.

आता मी काय मागते ते ऐक, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण. दार उघड. पाणी दे, जेवू घाल. बाळाला त्यांच्या मांडीवर ठेव, ते त्यांना मिळू दे. पण चल म्हणाले तर येऊ नको. तुमच्या घरात मी मेलेली आहे, तशीच राहू द्या, असं त्यांना तोंडावर सांग. कल्याणच्या समोर सांग. वाळे परत कर. प्रितमरावांनाही सांग की त्या वेळी मध्ये पडू नका, सासऱ्याचा मान ठेवायला जाल तर माझी पोरगी जाईल.

आबांना मी ओळखते. एवढं ऐकून आले की ते स्वतः हार घालतील आणि परतूरला सांगतील की मयत ती मयत. मग तीन वर्षं कुणी अक्षताला हात लावणार नाही.

तू म्हणशील, मी येऊन भांडते अक्षतासाठी. तू भांडशील, मला माहीत आहे. पण जितीचं कुणी ऐकलं का या घरात? तुझं ऐकलं ते मेल्यावरच. तेराव्यात निघालेल्या एका वाक्यावर तुझ्या बहिणीचं सगळं वर्ष चाललं आहे. तू उंबरा ओलांडलास की ते वाक्य संपलं.

बाळंतपणाला आलीस असतीस तर मी काय काय केलं असतं ते लिहीत नाही. तुझी मुलगी तीन वर्षांची होईल, बोलायला लागेल, मला ओळखणार नाही. ते मी धरून चालले आहे. अक्षता कामाला लागली की मी स्वतः येईन, आबा येवोत न येवोत. तोवर फोटोही धाडू नको. बघितला तर हे सगळं माझ्या हातून होणार नाही.

अक्षताला यातलं काही सांगू नको. तिला वाटू दे की तू रागानं आली नाहीस. तुझ्यावर रागावली तरी चालेल, शिकेल.

देवासमोर बसून मी पुष्कळ विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं. आबांनी काढलेला हार सुकला होता. आज बाजारातून दहा रुपयांचा झेंडूचा आणून ठेवला आहे. पाण्यात ठेवला तरी पंधरा तारखेपर्यंत टिकणार नाही, पुन्हा आणावा लागेल.

आबा निघायच्या आत मला कळलं पाहिजे, म्हणजे इकडं मी काय बोलायचं ते धरता येईल. पत्र मिळेल त्याच दिवशी उत्तर टाक. लिहवत नसेल, माझा राग आला असेल, तर आत कोरा कागद घालून पाकीट धाड. मी त्याचा अर्थ हो असा घेईन. पण उलट टपाली धाड.

तुझी आई